तिसरा बाण

दरवर्षी थंडीच्या तोंडावर येतो खिडकीचा लिफाफा.
आत तीन बाण, तीन आकडे:
सगळं बरं झालं तर इतके,
जमेल तसं झालं तर इतके,
आणि वाईट झालं तर...
तो बाण खाली झुकलेला,
बाउके तिथे मुद्दाम कपाची बशी ठेवते.

मी हार्लिंगेनचा पूलवाला.
बत्तीस वर्षं पूल उचलतो, बोटी सोडतो, पूल टेकवतो.
पूर्वी गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून खाली सोडायचो,
बोटवाले त्यात नाणी टाकायचे.
आता कोणाच्या खिशात नाणी नसतात.

लागलो तेव्हा म्हणाले, पासष्टाव्या वर्षी सुटशील.
मग पासष्ट आणि तीन महिने.
मग सहासष्ट आणि चार.
मग सदुसष्ट, आणि पुढचं पुढे बघू.
मी वल्ही मारतोय म्हणून काठ जवळ येईल
असं काठाने कुठे लिहून दिलंय?

पहाटे तीनला डोळे टक्क उघडे.
बाउके कूस न बदलता विचारते, "बाण?"
मी म्हणतो, "गुडघा."

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं,
नक्की कुठे दुखतं?
म्हटलं, अजून दुखत नाही,
चार वर्षांनी दुखेल, त्या जागी.
त्या हसल्या नाहीत. गोळ्या लिहिल्या.

होस्सेला कंपनीने गेल्या साली लवकर घरी बसवलं.
माझ्या दुसऱ्या बाणापेक्षाही कमी मिळतं त्याला,
पण कमी म्हणजे किती, ते ठाऊक आहे.
सायकलवरून शीळ घालत जातो गाढव,
रात्री घोरतो म्हणे.
मला त्याच्या पैशांचा नाही,
त्या घोरण्याचा हेवा वाटतो.

बाउकेने लिफाफ्याच्या पाठीवर यादी केलीय:
बटाटे, साबण, कोट.
कोट खोडलाय.
मग त्याच्यापुढे बारीक अक्षरात पुन्हा लिहिलाय,
प्रश्नचिन्ह घालून.

पुलाला एक खूण असते,
लाल आणि हिरवा दिवा शेजारी शेजारी:
थांबा, पण तयारीत राहा.
खाली बोट इंजिन चालू ठेवून उभी राहते,
जागच्या जागी डिझेल जाळत,
दोर ना सोडलेला, ना बांधलेला.
बत्तीस वर्षं मी हे दिवे वरून लावले.
खाली उभं राहणाऱ्याचं काय होतं,
कधी डोक्यातच आलं नाही.

भोंगा वाजतोय.
हो रे बाबा, दिसलास.