दुधाच्या खात्यातला ताप

कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी
तुझा ताप लिहीत गेलो, हेमांगी.
सोमवार: दीड लिटर, एकशे दोन.
मंगळवार: दूध नको सांगितलं, एकशे तीन.

पेज केली. करपली थोडी. तू वरची वरची प्यायलीस.
गोळी सहा तासांनी, मधे कपाळावर घडी.
आणि पंतनगरचा भंगारवाला
तू डोळा मिटलास की नेमका खिडकीखाली ओरडायचा.

गुरुवारी उतरला.
मी चौकटीत मोठं शून्य काढलं,
तुझी उशी उन्हात टाकली.

शनिवारी परत चढला.
सामंत डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या,
नुसता आकडा बघू नका, श्वास मोजा.
जाऊन परत आला तर वाट बघू नका.

रात्री अडीचला, मोबाईलच्या उजेडात
तुझी छाती मोजली: मिनिटाला बत्तीस.
चुकलो असेन म्हणून पुन्हा. चौतीस.
तू म्हणालीस, सकाळी जाऊ,
मुनाफभाई झोपला असेल.
एवढंसं वाक्य, तीन दमांत.

झोपलाच होता.
बनियनवरच रिक्षा काढली त्यानं, राजावाडीपर्यंत
एक शब्द बोलला नाही.

आता नळी लावलीये तुला. झोपलीयेस.
मी कपडे न्यायला घरी आलोय.
रविवारची चौकट कोरी ठेवतो.
तू आल्यावर भर.
दूध किती घ्यायचं
मला खरंच ठाऊक नाही.