नाकावरचं पार्किंग

सड्याचं नाक म्हणतात ह्या कड्याला.
कणकुंबीच्या पुढं रस्ता संपतो, मग आमची दोरी,
चुन्याच्या अठरा रेघा
आणि दगडाखाली पावतीबुक.
दुचाकी दहा, चारचाकी तीस,
टेम्पोला काय ते बोलून.

नंबर बघून मी जीभ बदलते.
कोल्हापूरची असली तर येऊ द्या, येऊ द्या,
धारवाडची असली तर बर्री, बर्री,
गोव्याची असली तर यो, यो, यो.
चाक सगळ्यांचं त्याच खड्ड्यात जातं.

सगळे विचारतात, समुद्र दिसतो काय हो?
थंडीत, म्हणते मी. आभाळ स्वच्छ असलं तर.
नऊ वर्षांत मी एकदाच बघितला,
तोही बहुतेक ढग होता.

मिनेझिस म्हणून एक म्हातारे आले होते,
हातात काठी, गळ्यात दुर्बीण.
सहाला दोरी लावायची म्हटलं तर म्हणाले,
बाय, सातपर्यंत थांब. माझा दिवा लागतो.
एकतीस वर्षं लावला मी.
आता आपोआप लागतो म्हणे.
पण लागला की नाही, बघतं कोण?

दोरी हातातच राहिली.
खाली गोवा काळा होत गेला.
त्यांनी काठी उचलली आणि मोजायला लागले,
एक, दोन.
मग पंधरापर्यंत अंधार.
पुन्हा एक, दोन.
दिसलं?

मला खाणीवरचे ट्रक दिसत होते,
कुठल्या टॉवरचा लाल ठिपका,
बाकी सगळं धुरकट.
दिसलं, म्हटलं.
बाय, ते म्हणाले,
तू भलतीकडंच बघत होतीस.

निघताना दरीतनं धुकं चढलं.
रेघा गेल्या, कठडा गेला
(तसा अर्धाच होता, उरलेल्याचं टेंडर अडकलंय).
गाडीवरचं पोरगं रडकुंडीला आलं.
मी टोकाला जाऊन उभी राहिले, पाठीला दरी घेऊन,
आणि बॅटरी दाखवली. दोनदा. मग बंद.
मग दोनदा.
यो, यो.
थांब. आता वळव.

गाडी वळली, काच खाली आली.
पंधरा मोजत नाहीस तू, म्हणाले,
नवालाच लावतेस.

दोरी बांधून खाली उतरताना
एकदा बॅटरी बंद केली, मोजून बघितलं.
पंधरा लई लांब असतात.