उत्तर उतार

तिखाडी. अर्धा किलो, फुलोऱ्यावरची.
लेबलवर मीच लिहिलं होतं:
गोरेवाडा, टेकडीचा उत्तर उतार,
खडकाळ, कोरडी, उघडी जागा.

फ्लास्कमध्ये तीन तास उकळली.
काचेच्या नळीत पाण्यावर
करंगळीच्या नखाएवढं तेल चढलं.
मोतिया असेल तर
जिरॅनिऑल ऐंशी टक्क्यांच्या आसपास हवं.

यंत्राने कागदावर भलतीच शिखरं काढली,
जिरॅनिऑलच्या जागी नुसतं टेंगूळ.
"कॉलम जुना झालाय," मी सरांना म्हणाले.
सर म्हणाले, "असेल."

रात्रपाळीचे झनकलाल उईके
दाराशी थांबले, दोनदा श्वास घेतला.
"हे वरचं नोय जी मॅडम.
नाल्यातली सोफिया होय.
आमचा बाप भट्टी लावे देवलापारकडं.
हिले कोणी भाव देत नसे."

ऑक्टोबरचं ऊन होतं, उईके.
बाटलीतलं पाणी संपलं होतं.
टेकडी समोरच होती, हात केला तर लागेल अशी,
पण सावली नाल्याशी होती,
आणि गवत तर गवतासारखंच दिसत होतं.

यातलं काही बोलले नाही.
ते गेटकडे गेल्यावर
नखाने लेबल सोललं, निम्मं चिकटून राहिलं,
त्यावरच लिहिलं:
नाला. ओलसर. झाडांखाली.

मग बेसिनशी कितीतरी वेळ हात धूत होते.
आल्याचा वास, जरासा तुरट,
बोटांच्या पेरांतून हलेना.

उद्या सकाळी पाचला.
पाण्याच्या दोन बाटल्या.
उईकेंना सुट्टी आहे का, विचारायचं.