मंगळवारी, माझ्या टबात

माझ्या घराची चावी मी येल्त्येला दिली
कारण तिचे ससे इथे कधी आलेच नव्हते.
एवढीच पात्रता लागते, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
जिथे दोघांपैकी कुणीही मुतलेलं नाही
अशी जागा.
शहात्तर वर्षांत माझ्या न्हाणीघराचं
इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं.

आधी एकाच पेटीत असायचे, मोस्टर्ड आणि स्टिप,
तिच्या पाठीवर त्याची हनुवटी.
मग येल्त्ये आणि फोके वेगळे झाले.
भांडी वाटली, सायकली वाटल्या,
ससेही वाटून घेतले, एकेक,
चमचे वाटावेत तसे.
फोके कालव्यापलीकडे गेला. स्टिप खाईना.
तीन महिन्यांनी त्याला परत आणला
तर मोस्टर्डनं ओळख दाखवली नाही.
ओळख कसली,
त्याच्या कुशीतला मूठभर पुंजका उपटला
आणि तो तोंडात धरून बसली,
मिशी फुटल्यासारखी.
सोडवायला गेलेल्या येल्त्येच्या मनगटाला चार टाके.

मग मध्ये जाळी.
रोज रात्री दोघांच्या घाणीच्या ट्रेची अदलाबदल.
आधी नाकाला पटू दे, बाई म्हणाल्या,
बाकीचं मागून येईल.
त्यासाठी फोके रोज पूल ओलांडून
तो ट्रे बदलायला यायचा.
वाऱ्यात टोपी धरून, दुसऱ्या हातात ती पिशवी.
सगळ्या हार्लिंगननं पाहिलं.

मंगळवारी चार वाजता तो पुढच्या दारानं येतो,
ती मागच्या.
त्याच्या हातात ओव्हनचे जाड मोजे,
तिच्या हातात पत्र्याची सुपली, मध्ये घालायला.
टबात मी जुने टॉवेल अंथरते. पाय घसरले
की ससे घाबरतात, आणि घाबरले की चावतात.
भिंतीवर सिब्रेनसाठी बसवलेली दांडी अजून आहे.
फोके तिला धरून ओणवा होतो.
मी कमोडवर बसते, मांडीवर अंड्यांचं घड्याळ.

पहिल्या दिवशी अकरा मिनिटं.
दुसऱ्या दिवशी स्टिप तिच्यावर चढला,
तेही उलट्या बाजूनं.
येल्त्ये हसली. फोके हसला नाही.
सुपली मध्ये.
तिसऱ्या दिवशी दोघं टबाच्या दोन टोकांना,
पाठीला पाठ नाही पण तशीच,
आपापलं तोंड धूत बसली.
चांगलं लक्षण आहे, येल्त्ये म्हणाली,
समोर शत्रू असताना कुणी तोंड धुतं का?
मी म्हटलं, सिब्रेन आणि मी
बेचाळीस वर्षं हेच केलं.

चौथ्या मंगळवारी समुद्र बांधावर धडकत होता.
मोस्टर्ड उठली, तीन उड्यांत त्याच्यापाशी गेली
आणि डोकं खाली घालून, कान पाडून,
त्याच्या हनुवटीखाली घुसली.
चाट मला, असा त्याचा अर्थ.
माफी नव्हे ती. हुकूम असतो.
स्टिप भिंतीकडे बघत राहिला.
अरे चाट ना गाढवा, फोके पुटपुटला.
येल्त्ये म्हणाली, मान कुणी खाली घातली ते दिसलं ना?
म्हणजे काय?
म्हणजे काही नाही.
नाही, म्हणजे काय?
टबात चार कान ताठ झाले.
मी म्हटलं, आवाज खाली,
नाहीतर सुपली तुमच्या मध्ये घालीन.

मग कितीतरी वेळ फक्त वारा.
घड्याळ वाजलं, मी ते उशीखाली दाबावं तसं
पदराखाली नसलेल्या, झग्याखाली दाबलं.
स्टिपनं तिच्या दोन डोळ्यांमध्ये
एकदा जीभ फिरवली.
एकदाच. मग पार्सली खायला गेला.
मोस्टर्ड तशीच, डोकं खाली,
अजून बाकी आहे म्हणत.

टब धुताना जाळीत केस अडकतात.
पुढच्या वेळी जास्त पार्सली आणा, एवढं सांगितलंय.
फोकेचे मोजे माझ्याकडेच राहिलेत, दांडीवर.
येल्त्येनं जाताना पाहिले.
त्याला मी अजून काही कळवलेलं नाही.