वादी

दापोलीच्या कोर्टात जिन्याखाली एक बाक,
विधी सेवेचा बोर्ड, आणि मी.
द्वारका चोगले, राहणार हर्णै.
टोपली घरी ठेवलेली, वास सोबत.

मी लिहिलं : वादी.
ती हसली. "वादी तर चपलेची.
तुटली की आपणच शिवायची."

सुकटीच्या ओट्याकडे जाणाऱ्या पाखाडीवर
रिसॉर्टवाल्यानं गेट घातलंय.
त्याचा वकील रत्नागिरीहून येतो,
तारीख घेतो, जातो.

"वहिवाट किती वर्षांची?"
तिनं बोटं मोजली नाहीत.
"चौथ्या पायरीचा चिरा बगा,
मधेच खोलगट झालाय.
सासूचे पाय, तिच्या सासूचे,
मग माझे."

मी कलम खोडलं, हेच लिहिलं.
कार्बन घालून तीन प्रती.

पुकारा झाला. साहेबांनी विचारलं, "वकील?"
"नाय. पण वाचता येतं."
आणि वाचत गेली, अक्षर अक्षर सुटं करत,
सुकट पसरावी तसं,
एकावर एक न पडू देता.

निकाल लांब आहे.
सोमवारी कोर्ट कमिशनर
पायरी बघायला येणार, एवढंच.
काल फोनवर म्हणाली,
घासून लख्ख करून ठेवते.

अहो, झाडा हवी तर.
घासू नका.