पंचवीस रुपये पान

परभणीत, मोंढ्याच्या मागं, माझ्या झेरॉक्सच्या दुकानात
टोम्पे सरांची सतरा पुस्तकं टाईप केली मी.
सतरा भाग, मारेकरी एकच : श्रीरंग मापारी,
वजनमाप निरीक्षक, वर्ग तीन,
डबा घरचा, लाच घेत नाही,
मुंगीवर पाय पडला तर थांबून माफी मागतो.

ज्याचा काटा खोटा, तेवढाच माणूस जातो.
पहिल्या भागात आडत्या. सरकीच्या ढिगात, पाय वर.
तिसऱ्यात सोनार, ऐन लग्नसराईत.
काम झालं की मापारी हात धुतो, डायरीत लिहितो :
'मयत एकाहत्तर किलो, दोनशे ग्रॅम.
कट्टी धरली नाही.'

टाईप करताना हसू आलं की काना-मात्रा सुटतात.
सर म्हणायचे, हसा बाई, पण अनुस्वार सांभाळा.

नवव्या भागानंतर गावाला चटकच लागली.
रसवंतीवाला बोबडे सरांना फुकट रस पाजून विचारायचा,
"सर, मला कवा मारायलात?
नाव खरंच ठेवा. पत्ता बी टाका."
एका नगरसेवकाला मरायला दोन पानं हवी होती.
सरांनी त्याला अर्ध्यात उरकलं.
अजून बोलायला नाही तो.

मी हात घातला तो एकदाच. भाग चौदा, पान एक्याऐंशी.
मयताचं नाव काढलं, दिराचं घातलं.
नवरा गेल्यावर वाटणीला टेप लावला होता त्यानं,
पहिलं इंच कापलेला.
प्रूफ परत आलं. सरांच्या लाल पेनानं
त्रींबकचा त्रिंबक झाला होता. बाकी काही नाही.
आणि दीर? वीस प्रती घेऊन सोयऱ्यांत वाटल्या.

काल अठराव्याचं हस्तलिखित आलं.
पान बारावर एक बाई आहे. टाईपिंग करते.
पंचवीस रुपये पान म्हणते,
पण अक्षर एक पॉइंट मोठं, ओळी सैल,
दोनशे पानांची दोनशे तीस करते.

सर, कधीपासून माहीत होतं?

लाईट जाते. बाई इन्व्हर्टरकडं वळते.
दारात मापारी. "या टेबलाचं माप घ्यायचं राहिलं होतं," म्हणतो.
तिथंच कागद संपले. खाली टाचणीला चिठ्ठी :
'उरलेलं उद्या धाडतो. अक्षर लहान ठेवा.'

रात्री बसून मी ते बारा पॉइंटात आणलं.
तिचं दुकान, तिचं टेबल, तिच्या बोटाचा घट्टा,
सगळं साडेतीन पानांत मावलं.
'निरिक्षक'चा 'री' दीर्घ केला.
साडेतीनचंच बिल लावलं. हात थरथरला, ते खरं.

आज सकाळी शटर अर्धंच वर केलेलं.
एक माणूस वाकून आत आला, अनोळखी, साधा,
काखेत पितळी डबा.
आधार कार्ड ठेवलं. दोन्ही बाजू, म्हणाला. एका पानाचे किती?

"दीड रुपया," मी म्हणाले.
कालपर्यंत दोन घेत होते.