तांदळाएवढी जागा

आईने ही वही शिवली तेव्हा बापू
बॅलार्ड पिअरच्या कचेरीत मालाच्या नोंदी करायचे.
रद्द झालेले फॉर्म घरी यायचे, एका बाजूने कोरे.
तिने ते मधोमध दुमडले,
गोधडीच्या सुईने, मेण ओढलेल्या दोऱ्याने टाचले,
पुठ्ठ्यावर जुन्या परकराचं कापड,
आणि मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद,
कसर लागू नये म्हणून.
लागलीच. पण कडेकडेने.

त्यामुळे असं आहे :
एका बाजूला बसऱ्याचा खजूर, चाळीस डाग, दोन फुटके,
आणि पान उलटलं की
‘एझ्राचा ताप उतरला. उपकार.’
झांजीबारची लवंग, वजनात घट,
आणि पाठीवर
‘सिगुलाला पुन्हा मुलगीच. सासू बोलली.
तू तरी बोलू नकोस.’

दूधवाल्याचा हिशोब लिहावा तसं ती लिहायची,
शुक्रवारी, दिवे लावायच्या आधी,
कारण नंतर पेन धरायचं नाही.
‘भाडं थकलंय, तुला माहीत आहे.’
‘मलिदा केला. नारळ खवट निघाला.
एलियाहू येऊन गेले असतील तर
त्यांनी काही म्हटलं नाही.’

आणि जिथे त्याचं नाव यायला हवं
तिथे दरवेळी सोडलेली
तांदळाच्या दाण्याएवढी जागा.

मला वाटायचं, हिला आठवत नसेल.
एकदा पेन्सिलीने भरून द्यायला गेले
तर पाठीत धपाटा.
‘नाव लिहिलं की वही त्याची झाली.
मग जीर्ण झाली की पुरावी लागते, माणसासारखी.
मला ही घरात हवी. फडताळात, मसाल्याच्या डब्याशेजारी.
तुमच्या पोरांनी हळदीच्या हाताने उलटावी.’

तेहतीस वर्षं ती जागा सोडत राहिली.

परवा अश्दोदहून एझ्राचा फोन.
त्याच्या नातीला वही हवी आहे.
मराठी म्हणावं तर तिला ‘भात’ येतं, ‘पुरे’ येतं.
पाठवण्याआधी एकेक पान पुसत बसले
आणि बापू जे.जे.त होते त्या आठवड्याच्या पानावर
एकच ओळ.
पेन इतकं दाबलेलं
की पलीकडच्या सिमेंटच्या गोण्यांवर वळ उठलेत.
जागा सोडलेली नाही.
उजवीकडून डावीकडे, ती चार अक्षरं.
पुढे काही मागितलेलंसुद्धा नाही.
नुसती हाक.

म्हणजे नियमाने ही पुरायची.
मांडवीला मशिदीत गेले,
आम्ही मशीदच म्हणतो.
हझानसाहेबांसमोर ते पान धरलं.
त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं,
बाहेर हातगाडीवाला कुणाला तरी शिव्या देत होता
तो देऊन संपेपर्यंत गप्प राहिले.
म्हणाले, ‘आज चष्मा घरी राहिला बाई.’
चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

मग मी शिवण उसवली.
दोरा कुजला होता, भोकं मात्र तिचीच वापरली.
मोरचूद तीन दुकानांत विचारला,
तिसऱ्याने विचारलं, कशाला हवा, काय करणार आहात?
शेवटी लवंग कुटून घातली खळीत.
मागे दहा-बारा कागद जोडले,
लाइटबिलं, एका बाजूने कोरी.
माझं अक्षर आईसारखं नाही. मोठं येतं, ओळ सोडून पळतं.
पहिल्या लाइटबिलाच्या पाठीवर लिहिलं :

‘वही पोरीकडे चालली आहे.
तिला वाचता येणार नाही.
        , तू वाचून दाखव.’

खिडकीबाहेर अजून थोडा उजेड होता.
पेनाला टोपण लावलं
आणि काड्यापेटी शोधायला उठले.